खूप म्हाताऱ्या माणसाबद्दल साध्या इंग्रजीत कसं बोलायचं? मोठ्या मालकांची ओळख करून द्यायचीय

टॉवेलवाली

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बाहेरच्या पार्ट्यांचे मेल, सगळं माझ्याच टेबलावर येतं. कामापुरतं इंग्रजी येतं. जीएसएम (कापडाचं वजन) किती, माल कधी निघणार, एलसी (बँकेचं हमीपत्र) उघडली का, हे झोपेतसुद्धा लिहीन. अडलंय ते भलत्याच ठिकाणी.

आमचे मोठे मालक, म्हणजे आत्ताच्या मालकांचे वडील, नव्वदीच्या घरात आहेत. उमेदीची वर्षं नरसिंग गिरजी मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. मग स्वतःचे चार माग टाकले, त्याचाच पुढे हा कारखाना झाला. अजून रोज सकाळी रिक्षातून येऊन उतरतात. धोतर, नेहरू शर्ट, टोपी, हातात काठी. घडी घालायच्या टेबलाशेजारी त्यांची बाज टाकलेली आहे. तिथे बसून टॉवेलची किनार अंगठा आणि बोटाच्या मधून सरकवत राहतात. बघतात खिडकीबाहेर. मधेच हात थांबतो, "हितं धागा सुटलाय" म्हणतात, आणि आम्ही चष्मे लावून बघतो तेव्हा कुठे तो दिसतो. कान मात्र मिलनं नेले. मागाचा आवाज बदलला तर त्यांना ऐकू येत नाही. पण काठी बाजूला ठेवून मागाच्या चौकटीवर तळहात टेकतात आणि कुठे काय सैल झालंय ते सांगतात. फिटर आधी हसतो, मग पाना आणायला जातो.

इंग्लंडची एक बाई आमची जुनी गिऱ्हाईक आहे, इथे येऊनही गेलीय. व्हिडिओ कॉलवर दरवेळी विचारते, "अँड हाऊ इज द ओल्ड जंटलमन?" मी म्हणते "फाइन" आणि विषय संपतो. आता ती जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास परत येतेय, सोबत तिच्या कंपनीतली नवीन माणसं आहेत. मालक म्हणाले, आप्पांची ओळख नीट करून द्या. तोंडी दोन वाक्यं आणि माहितीपत्रकात फोटोखाली दोन ओळी.

इथेच घोडं पेंड खातंय. मराठीत म्हणायचं तर शब्दांची रांग लागते. वयोवृद्ध, ज्येष्ठ, नव्वदीला टेकलेले, इतके पावसाळे पाहिलेले, पिकलं पान. इंग्रजीत काय? ऑफिसमधल्या एकानं "व्हेरी एजेड पर्सन" लिहून दिलं. मालकांचा मुलगा पुण्यात शिकतो, त्यानं "नोनाजेनेरियन फाउंडर" सुचवलं. पॅकिंगमधल्या मावशी म्हणतात, "सरळ 'ही इज टू ओल्ड' म्हण की!" मोबाईलला विचारलं तर त्यानं "एल्डर्ली" दिलं.

मला हवंय ते असं की माणूस खूप म्हातारा आहे हे ऐकणाऱ्याला कळावं, पण त्याची कीव येऊ नये. आणि पुस्तकी नको. ती बाई तिच्या घरी आपल्या आजोबांबद्दल जसं बोलत असेल तसं हवं.

शिवाय वय नक्की किती, यावर घरातच वाद आहे. आधार कार्डावर १ जून १९३७. पण मोठे मालक सांगतात, "थोरला भाऊ मार्शल लॉच्या साली झाला, मी त्याच्या पाठीवरचा, पाच वर्षांनी धाकटा." सोलापुरात मार्शल लॉ लागला तो मे १९३० मध्ये. म्हणजे कागदावर ८८ आणि घरच्या हिशोबानं ९०. हे एका इंग्रजी वाक्यात कसं बसवायचं?

कडक_भाकरी

काय ओ ताई, एवढं काय त्यात! इंग्रजीत म्हाताऱ्यांसाठी ढिगानं शब्द हायत. "लाँग इन द टूथ" म्हणा, लई भारी वाटतंय ऐकायला. "नो स्प्रिंग चिकन" पण चालतंय. "ओव्हर द हिल" हाय, "ओल्ड ॲज द हिल्स" हाय. एक निवडायचं आणि ठोकून द्यायचं. गोऱ्या बाईला वाटलं पायजे, सोलापूरवाले काय कमी नाहीत.

टॉवेलवाली

दादा, मोठ्या मालकांच्या तोंडात एकही दात नाही. तुमच्या नावाची वस्तू ते आमटीत चुरून, भिजवून, लगदा झाला की खातात. लाँग टूथ कुठून आणू? आणि घर लिंगायतांचं आहे. मालकांच्या नावापुढे चिकन छापलं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.

जुळे_सोलापूरची_सिस्टर

ताई, मी इंग्लंडात लँकेशायरमध्ये बरीच वर्षं नर्स होते, तीही म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. आता रिटायर होऊन इकडे आलेय. तिथले लोक वयाबद्दल कसं बोलतात ते त्यांच्या उशाशी उभं राहून ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्याकडे जमलेले चार प्रकार निकालात काढू.

"टू ओल्ड" अजिबात नको. आपल्याकडे 'टू' म्हणजे 'लई' असं धरून बोलतात. तिकडे 'टू ओल्ड' म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो, कशासाठी टू ओल्ड? म्हणजे आता यांच्याच्यानं होत नाही, असं ते वाक्य आहे. सुटलेला धागा बोटानं पकडणाऱ्या माणसाबद्दल ते म्हणायचं नाही.

"एजेड पर्सन" सरकारी फॉर्मातलं झालं. वर त्यात उच्चाराची गोम आहे. माणसाच्या आधी लावलं तर दोन तुकड्यांत म्हणतात, 'एजिड फादर'. पुढे आकडा आला तर एका झटक्यात, 'एज्ड एटी-एट'. पहिलं बोलण्यात फारसं येत नाही. दुसरं बातमीत आणि फोटोखाली नेहमी दिसतं, ते लिहायला तुम्हाला उपयोगी पडेल.

"नोनाजेनेरियन" चुकीचं नाही. ८० ते ८९ ऑक्टोजेनेरियन, ९० ते ९९ नोनाजेनेरियन, १०० पासून पुढे सेंटेनेरियन. पण हे पेपरवाल्यांचे शब्द. "माय मदर इज अ नोनाजेनेरियन" असं म्हणणारी लेक मला वॉर्डात कधी भेटली नाही. आणि आधार कार्ड धरलं तर तुमचे मालक अजून ऑक्टोमध्येच आहेत, हेही त्या पुण्याच्या मुलाला सांगा.

"एल्डर्ली" वाईट नाही. रस्त्यात दिसलेल्या अनोळखी म्हाताऱ्या माणसाबद्दल 'ॲन एल्डर्ली जंटलमन' सभ्यच वाटतं. पण त्यात थकलेपणाची छटा येते, हात धरून जिना चढवायला हवा अशी. म्हणून 'द एल्डर्ली' असं सगळ्यांना एका गठ्ठ्यात बांधणं हल्ली डॉक्टरी लिखाणात टाळतात, 'ओल्डर पीपल' किंवा 'ओल्डर ॲडल्ट्स' लिहितात. यातली गंमत अशी की इंग्रजीतला 'ॲन ओल्डर मॅन' हा 'ॲन ओल्ड मॅन'पेक्षा वयानं लहान असतो! साठी-पासष्टीच्या माणसाला 'ओल्डर' म्हणतील. तुमच्या मालकांना ते तोकडं पडेल. आणि मोबाईलवर फार विसंबू नका. मराठीत वयस्क म्हणजे म्हातारा, हिंदीत वयस्क म्हणजे नुकता मताला लागलेला पोरगा. कोणत्या भाषेतून उचलेल सांगता येत नाही.

मग म्हणायचं काय? आकडा सांगायचा.

हे आपल्याला पचत नाही, कारण आपल्याकडे मान क्रियापदात असतो. 'मालक आले', 'मालक बसले', एवढ्यात काम झालं. इंग्रजीत राजाही 'ही' आणि रिक्षावालाही 'ही'. म्हणून आपला जीव घाबरतो आणि भरपाई म्हणून जड विशेषणं लावायला जातो. तिथली माणसं तसं करत नाहीत. वय सांगतात आणि त्याला लागूनच तो माणूस अजून काय करतो ते सांगतात. "शी इज नाइन्टी-टू, यू नो, अँड शी स्टिल डज हर ओन गार्डन." सगळा अभिमान त्या 'यू नो' आणि 'स्टिल'मध्ये असतो. ऐकणारा म्हणतो, "इझन्ट शी मार्व्हलस!" किंवा नुसतं "दॅट इज अ गुड एज." हे 'गुड एज' म्हणजे ऐन उमेदीचं वय नव्हे बरं का. असं मोघम 'गुड एज' म्हटलं की ते चांगलं भरपूर जगलेल्या माणसाबद्दलच असतं.

तुमच्या मालकांचं वाचून मला एक आजी आठवल्या. तिथल्या कापड गिरणीत विणकर होत्या. गिरणीतल्या गोंगाटात एकमेकींशी बोलायला त्या भागातल्या विणकर बायका ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या आणि ओठ बघूनच समजून घ्यायच्या. त्याला तिकडे 'मी-मॉ' म्हणतात. कान गेलेले, पण समोर उभं राहून बोललं की एक शब्द चुकायच्या नाहीत. मी पाठमोरी होऊन काही बोलले तर रागवायच्या. चादर बदलली की किनार चाचपून नाक मुरडायच्या. वय विचारलं की "नाइन्टी-थ्री अँड अ हाफ". अर्धं वर्ष मोजणारी माणसं मी दोनच प्रकारची बघितली, एक बालवाडीतली आणि एक नव्वदीच्या पुढची. साठीतल्या बाईला तिथे वय विचारायची सोय नाही. नव्वदीतल्या बाईला नाही विचारलं तर ती स्वतःच विषय काढते. तेव्हा मालकांचं वय सांगायला संकोच करू नका.

नेमका आकडा टाळायचा असेल तर 'ही इज इन हिज लेट एटीज'. यात ८७ ते ८९ येतं. ८५ च्या आगेमागे असेल तर 'मिड', ८१ ते ८३ ला 'अर्ली'. 'ही इज गेटिंग ऑन फॉर नाइन्टी' हे अगदी इंग्लंडच्या स्वयंपाकघरातलं, म्हणजे तुमचं 'नव्वदीला टेकलेत'. 'पुशिंग नाइन्टी' म्हणजे तेच, फक्त जरा सैल, दोस्तांमधलं. नुसतं 'ही इज गेटिंग ऑन अ बिट' म्हणजे 'वय झालं आता त्यांचं'. हे घरच्यांनी घरच्यांबद्दल म्हणावं. तुमच्या मालकांनी वडिलांबद्दल म्हटलं तर शोभेल, तुम्ही गिऱ्हाइकासमोर म्हणू नका.

तब्येतीसाठी 'हेल अँड हार्टी' आपल्याकडे पत्रात कुणालाही लावतात. तिकडे ते बहुतेक म्हाताऱ्या पण ठणठणीत माणसालाच लागतं, त्यामुळे मालकांना चालेल, फक्त जुनाट वाटतं. 'स्प्राइटली' म्हणजे टुणटुणीत. शब्द गोड आहे, पण विशीतल्या पोराला कुणी टुणटुणीत म्हणत नाही हे म्हाताऱ्या माणसाला चांगलं माहीत असतं. 'स्टिल गोइंग स्ट्राँग' सगळ्यात बिनधोक.

आता कडक भाकरी यांचा माल. 'लाँग इन द टूथ' घोड्यावरून आलंय. वय वाढलं की घोड्याच्या हिरड्या मागे सरतात, दात लांब दिसतात, आणि घोडा विकत घेणारा आधी तोंड उघडून बघतो. माणसाला लावलं की तो टोमणा होतो. 'नो स्प्रिंग चिकन' स्वतःबद्दल हसत म्हणावं, "आय ॲम नो स्प्रिंग चिकन, लेट मी सिट डाउन." 'ओव्हर द हिल' म्हणजे तर संपलाच माणूस.

आणि एक न विचारलेलं सांगते, कारण सोलापुरात कुणीतरी सुचवणारच. 'गुड इनिंग्ज'. क्रिकेटचं म्हणून आपल्याला फार आवडतं. "ही हॅड अ गुड इनिंग्ज" हे माणूस गेल्यावर मातीहून परतताना म्हणतात. कॉलवर म्हणालात तर ती बाई सांत्वनाचं कार्ड पाठवेल. 'राइप ओल्ड एज'ही जपून, ते बहुतेक करून गेलेल्या माणसाबद्दल मागे वळून म्हणतात. आणि माहितीपत्रकाचं डिझाइन करणारा "एटी-एट इयर्स यंग" लिहून आणेल, ते तिथल्या तिथे खोडा. मला तरी ते गाल ओढल्यासारखं वाटतं.

फॉर्मवाला_सात_रस्ता

सिस्टर, एक नंबर. वयाच्या घोळाबद्दल मी बोलतो, कारण तोच माझा धंदा आहे. सात रस्त्याला आपलं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. एक जूनला जन्मलेली माणसं बघून बघून मला तर वाटतं, जुन्या काळी बाकीच्या महिन्यांत कुणी जन्मतच नव्हतं. शाळेत नाव घालायला गेलेला बाप सांगायचा, "पोरगं हुरड्याच्या दिवसांत झालं." मास्तर काय करणार? जूनमध्ये शाळा भरते, टाका एक जून. साल पण अंदाजपंचे. पुढं नोकरी, पेन्शन, आधार, सगळं त्याच तारखेवर चढत गेलं.

खिडकीवर मात्र कागदावरचाच आकडा चालतो. ६० ला ज्येष्ठ नागरिक. इन्कम टॅक्सला ८० नंतर सुपर सीनियर. एसटीत ६५ पासून अर्धं तिकीट, आणि २०२२ पासून ७५ च्या पुढं फुकट. कित्येक आजोबा माझ्या दुकानात भांडलेत, "मी खरा पंच्याहत्तरचा हाय, कार्डावर त्र्याहत्तर कसं?" आता कार्डाला काय सांगणार. ताई, म्हणून छापायचं तिथं कार्डाप्रमाणंच छापा, तोंडी काय सांगायचं ते सांगा. आणि 'सुपर सीनियर' लिहू नका. तो आपल्या इन्कम टॅक्सपुरता शब्द आहे, त्या बाईला वाटेल मालक कुठल्या कॉलेजात आहेत.

सिस्टरना दोन शंका. आमच्याकडं लोक सांगतात, "८८ कम्प्लीट, ८९ रनिंग." हे तिकडं कळतं का? आणि सहस्रचंद्रदर्शन झालेल्या माणसाबद्दल काय म्हणायचं? हजार पौर्णिमा भरायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. म्हणून एक्याऐंशीवं सरत आलं की घरी तो कार्यक्रम करतात. मालकांचा पण झाला असणारच.

जुळे_सोलापूरची_सिस्टर

'रनिंग' नाही कळत. माग रनिंग असतो, माणूस नाही. तिकडे शेवटचा वाढदिवस झाला तो आकडा, पुढचा वाढदिवस येईपर्यंत तोच. ८९ वं लागलं तरी ते म्हणणार 'एटी-एट'. फार तर 'ऑलमोस्ट एटी-नाइन', किंवा 'ही टर्न्स एटी-नाइन इन जून'. 'इन हिज एटी-नाइन्थ इयर' असंही लिहितात आणि त्याचा अर्थ आपल्यासारखाच, ८८ पूर्ण होऊन ८९ वं चालू. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात ८९ हाच आकडा बसतो, त्यामुळे घोळ वाढतो. कार्डावरचं एक, घरचं एक, त्यात हे तिसरं नको.

हजार पौर्णिमांचं मात्र जरूर सांगा. "ही हॅज सीन मोअर दॅन अ थाउजंड फुल मून्स, अँड वुई हॅव अ सेरेमनी फॉर दॅट." त्यांच्याकडे असं काही नाही, ती बाई डायरीत लिहून घेईल बघा. त्यांच्याकडचा मोठा टप्पा म्हणजे शंभरी. १०० व्या वाढदिवसाला राजाकडून शुभेच्छांचं कार्ड येतं. मग १०५ ला, आणि त्यानंतर दर वर्षी.

कडक_भाकरी

म्हंजे १०१ ते १०४ ला काय नाही? कंजूष हाय की बे राजा.

जुळे_सोलापूरची_सिस्टर

हो ना. तेवढी चार वर्षं आपल्याआपण काढायची.

ताई, दोन वयांचं वाक्य राहिलंच होतं. "ही इज एटी-एट ऑन पेपर, बट द फॅमिली रेकन्स ही इज नाइन्टी." 'ऑन पेपर' म्हणजे कागदोपत्री, अगदी आपल्यासारखंच. 'रेकन' म्हणजे घरच्यांचा अंदाज, हिशोब. हे 'रेकन' तिकडे घरोघरी चालतं, त्यामुळे बाईला ऐकताना परकं वाटणार नाही. वेळ असेल तर मार्शल लॉचंही सांगा. थोरल्या भावाचा जन्म कुठल्या साली ते सांगायला अख्ख्या गावाच्या इतिहासाचा खुंटा लागतो, हे कुणालाही ऐकायला आवडतं. फक्त मार्शल लॉ कुणी लावला होता ते त्या बाईला जरा हसत सांगा.

टॉवेलवाली

सगळ्यांचे आभार. हे लिहिलंय, बघा जमतंय का.

तोंडी: "दिस इज अवर फाउंडर. ही इज एटी-एट ऑन पेपर, बट द फॅमिली रेकन्स ही इज नाइन्टी. ही स्टिल कम्स इन एव्हरी मॉर्निंग अँड चेक्स द टॉवेल्स बाय हँड."

फोटोखाली: "अवर एटी-एट-इयर्स-ओल्ड फाउंडर, अ फॉर्मर मिल जॉबर, इज स्टिल गोइंग स्ट्राँग अँड इज द मोस्ट रिस्पेक्टेड पर्सन ऑफ अवर फॅक्टरी."

जुळे_सोलापूरची_सिस्टर

तोंडी वाक्यं झकास, एक अक्षर बदलू नका. 'दिस इज' म्हटल्यावर मात्र आधी नाव घ्या, मिस्टर आणि आडनाव, मग 'अवर फाउंडर'. मान तिथेच दिला जातो. बाई विचारेल, मी यांना काय म्हणू? तेव्हा 'अंकल' सांगू नका, सरळ 'आप्पा' सांगा.

फोटोखालच्या ओळीत तीन गोष्टी. नामाच्या आधी आलं की 'इयर' होतं, 'इयर्स' नाही. 'एटी-एट-इयर-ओल्ड फाउंडर', आणि मधल्या बारीक रेघा गाळू नका. 'ही इज एटी-एट इयर्स ओल्ड' असं पुढे आलं की मात्र 'इयर्स', आणि रेघ फक्त आकड्यातली.

दुसरं, 'मोस्ट रिस्पेक्टेड पर्सन' काढा. फिटर पाना आणायला जातो ते लिहा की! "ही कॅन टेल व्हॉट इज राँग विथ अ लूम बाय पुटिंग हिज हँड ऑन इट." वयाच्या शेजारी हे वाक्य आलं की दुसरं काही सांगावं लागत नाही.

तिसरं, 'जॉबर'. तो आपल्या गिरण्यांमधला शब्द. आजच्या इंग्रजीत जॉबर म्हणजे घाऊक माल घेऊन किरकोळीत पुढे सरकवणारा व्यापारी. बाईला वाटेल मालक दलाली करत होते. 'लूम फोरमन' लिहा. लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये माग दुरुस्त करून चालू ठेवणाऱ्या मुकादमाला 'टॅकलर' म्हणायचे. बाई त्या भागातली असेल आणि घरात कुणी गिरणीत असेल तर हा शब्द टाकून बघा.

आणि बाईंना आधी सांगून ठेवा, मोठ्या मालकांशी बोलताना त्यांच्या कानाशी ओरडू नका म्हणावं. समोर उजेडात उभं राहायचं, तोंड दिसू द्यायचं. इंग्रजी त्यांना कळो न कळो, मिलमधल्या माणसाची नजर ओठांवर असते.

फॉर्मवाला_सात_रस्ता

ताई, छापायला देण्याआधी पीडीएफ मला पाठवा, रेघा मी बघून देतो. डीटीपीवाले इंग्रजीतल्या रेघा गाळतातच.

टॉवेलवाली

पाठवते दादा. आज दुपारी मोठ्या मालकांना सगळं मराठीत समजावून सांगितलं, समोर उभं राहून, सिस्टरनी सांगितलं तसं. आठ्ठ्याऐंशी की नव्वद याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, "तुमाला पायजे ते घाला" म्हणाले. पण 'जॉबर' काढतेय म्हटल्यावर बाजेवरून उठले. म्हणाले, "फाउंडर का काय ते पोरानं केलं. मी जॉबर होतो. बावीस माग होते माझ्या हाताखाली." मी म्हटलं, त्यांना त्याचा अर्थ दलाल वाटेल. तर म्हणाले, "मग त्यांना समजावून सांग, पगार कशाचा घेतीस?"

म्हणून असं ठरवलंय. फोटोखाली 'जॉबर' राहणार, त्याला लागून 'द लूम फोरमन इन अ सोलापूर कॉटन मिल' एवढं घालतेय. 'टॅकलर' तोंडी सांगेन. सिस्टर, त्याचा उच्चार टॅकलर असाच ना, की शेवटचा 'र' गिळायचा?

जुळे_सोलापूरची_सिस्टर

इंग्लंडात बहुतेक ठिकाणी गिळतात, 'टॅकला' असं ऐकू येतं. तुम्ही सोलापुरी 'र' लावून म्हणा, कळेल तिला.